डावा खांदा

प्रिय बारक्या,

आधीच सांगते, हे नुसतं पत्र आहे. आत कागदाशिवाय काही नाही आणि ते घेताना तुला एक छदामही भरावा लागणार नाही. पोस्टातल्या माणसाला मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, अहो बाई, कागदावर कसली ड्युटी? तेव्हा दारातूनच परत पाठवू नकोस, उघड. फोन केला तर तो वाजत राहतो, मोबाइलवर लिहिलेलं तुला पोचल्याची खूण दिसते आणि पुढे काही म्हणजे काही होत नाही, म्हणून हा जुना मार्ग धरला. दुपार आहे, लाँड्रीत गिऱ्हाईक नाही, मालकीणबाई जेवायला घरी गेल्यात आणि मी काउंटरवरचे कपडे बाजूला सारून लिहायला बसलेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घे. दिवसभर इस्त्री धरून बोटं आखडतात.

बाबा बरे आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. डोळ्यांचं आता फार काही राहिलेलं नाही. उजेड आहे की अंधार एवढं कळतं. समोर कुणी येऊन उभं राहिलं की सावली हललेली दिसते, मग आवाजावरून माणूस ओळखतात. डॉक्टरांनी हात टेकलेत. तरी दुकान रोज उघडतं. कुलूप मी काढून देते, मग ते आत जाऊन कापायच्या टेबलावरून एकदा हात फिरवतात, कात्री जागेवर आहे ना ते बघतात आणि शेजारच्या किल्लीवाल्याला हाक मारून चहा सांगतात. दिवसभरात कुणी पँटची उंची कमी करायला येतं, कुणाची चेन बिघडलेली असते. हाताची शिलाई ते अजून चाचपत चाचपत करतात, मशीनवरची टीप संध्याकाळी मी जाऊन मारते. गिऱ्हाइकांना वाटतं सगळं काम बाबांचंच आहे. वाटू दे, माझं काय जातं?

तर गेल्या महिन्यात बाबांच्या नावावर कस्टमच्या ऑफिसातून एक चिठ्ठी आली. आपल्या नावे परदेशातून तयार कपड्यांचं पार्सल आलेलं आहे, ड्युटी भरून घेऊन जावे. एवढंच, आणि खाली तू राहतोस त्या देशाचं नाव. मी दुकानात उभ्या उभ्या वाचून दाखवली. बाबांनी मला ती परत वाचायला लावली, आणि मग देशाचं नाव तेवढं अजून एकदा. आणि काय सांगू तुला, ते ताडकन उठून उभेच राहिले. टेबलाच्या कडेला हात धरून म्हणाले, पाठवलं बघ पोरानं! मी म्हणत नव्हतो? खरं तर असं ते कधीच म्हणत नव्हते. कितीतरी दिवसांत तुझा विषयसुद्धा त्यांनी काढला नव्हता. पण त्या दिवशी किल्लीवाल्याला बोलावून सांगितलं, समोरच्या न्हाव्याला सांगितलं, पँट न्यायला आलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितलं. तो बिचारा बावरून अभिनंदन म्हणाला.

मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू? तुझ्यावरचा राग एका फटक्यात उतरला. काय पाठवलं असशील यावर आमची संध्याकाळभर चर्चा चालली. मी म्हटलं शर्ट असेल. बाबा म्हणाले, शिंप्याच्या घरी शर्ट पाठवायला तो काय वेडा आहे? लोकरीचं काहीतरी असणार, विणलेलं, आपण करत नाही असं काहीतरी. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा मला बजावून सांगितलं, ड्युटी सांगतील तेवढी भर, हुज्जत घालू नकोस, पोरानं पाठवलेल्या वस्तूवर घासाघीस करायची नसते. आणि भिंतीवरच्या खुंटीला एक रिकामा हँगर अडकवून ठेवला.

ते इतके का हरखले, ते तुला कळायचं तर कोटाची गोष्ट सांगायला हवी. तुला ती कुणी सांगितलेली नाही.

तू फोन उचलायचास त्या काळात एकदा बोलता बोलता म्हणाला होतास, इथले कोट महाग असतात आणि तरी डाव्या खांद्यावर बसत नाहीत, नेहमी तिथे घोळ येतो. तू बोलून विसरलास, बाबांनी ते धरून ठेवलं. लहानपणी तू कंपाउंडच्या भिंतीवरून पडलास तेव्हापासून तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आहे. डॉक्टर म्हणाले होते हाड चांगलं जुळलंय, काही फरक राहणार नाही. बाबांना राहिलेला दिसला. त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक शर्टाचा डावा खांदा ते वेगळा बेतायचे, सुटात आतून एक थर जास्त घालायचे. शाळेत, कॉलेजात, मुलाखतीला, तू सगळीकडे सरळ दिसलास. तुला स्वतःला हे माहीत आहे का, मला शंकाच आहे. तिकडे जाऊन तयार कपडे घेतलेस आणि तुला वाटलं तिकडचे कपडेच वाईट.

बाबांनी ट्रंकेत जाड लोकरी कापडाचा एक तुकडा जपून ठेवला होता, स्वतःसाठी घेतला होता म्हणे कधीतरी. तो काढला. तेव्हा डोळे जायला लागले होते आणि त्यांना ते कळलेलं होतं. पूर्ण जायच्या आत हा कोट झाला पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, खडूची रेघ कुठे आली ते मी सांगायचे. माप नव्हतंच, तर त्यांनी मला उभं केलं, कारण उंचीला आपण सारखे. डावा खांदा पाड, म्हणायचे. अजून थोडा. हां, आता मान जरा उजवीकडे. असाच उभा राहतो तो. कच्ची शिलाई मारलेला कोट घालून मी अशी तासन्‌तास उभी राहिलेय, बारक्या, आणि ते माझ्याभोवती फिरत तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते. आता बसची वाट बघताना माझं मलाच कधीतरी लक्षात येतं की मी डावा खांदा पाडून उभी आहे.

काजं सगळी हाताची केली. एक मनासारखं झालं नाही तर उसवून परत केलं. कोट झाला तेव्हा त्याला कोऱ्या मांजरपाटाचं कव्हर शिवलं, आणि कुरियरवाल्याकडे मी घेऊन जाते म्हटलं तर ऐकेनात, स्वतः आले. आणि तिथे तमाशा झाला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, काका, आत काय आहे त्याची किंमत लिहायची असते, तुम्ही भेटवस्तू म्हणून किरकोळ काहीतरी लिहा, नाहीतर तिकडे मुलाला नाहक ड्युटीचा भुर्दंड बसेल. झालं! बाबांचा पारा चढला. म्हणाले, किरकोळ? हा कोट किरकोळ आहे? कव्हर उसवून दाखवू का? हा कागद माझ्या पोराच्या हातात पडणार, त्याच्यावर बापानं शिवलेल्या कोटाची किंमत किरकोळ वाचायची त्यानं? आणि त्यांच्या उमेदीच्या काळात सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला सांगितली असती ती किंमत त्यांनी मला लिहायला लावली, वर हाताच्या काजांचे म्हणून थोडे वाढवले. मला हसू आवरेना. कुरियरवालाही हसला. ते तेवढे गंभीर चेहऱ्यानं उभे होते आणि सही करायला पेन मागत होते.

मग आम्ही वाट बघत बसलो. बाबा म्हणायचे, कामात असेल. मग म्हणायचे, तिकडे अजून थंडी पडली नसेल, अंगावर घालून बघितल्याशिवाय काय सांगेल तो? मग म्हणायचे बंद झाले. आणि मग ही चिठ्ठी आली. कोट पोचला, आवडला आणि पोरानं उलट आपल्यालाही काहीतरी पाठवलं, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. मीही तोच मांडला.

कस्टमचं ऑफिस म्हणजे एक लांबलचक हॉल आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन, काचेमागे रांगेनं माणसं, आणि सगळीकडे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज. माझ्या पुढे एक बाई होत्या, त्यांच्या पार्सलात तीन पर्स निघाल्या होत्या, अगदी एकसारख्या. तिन्ही मला स्वतःलाच वापरायला हव्यात, विकायला नाहीत, असं त्या शपथेवर सांगत होत्या, आणि काचेमागच्या मॅडम शांतपणे विचारत होत्या, तिन्ही एकदम अडकवता का? हॉलमधले सगळे हसले. मीसुद्धा पोट धरून हसले. त्या दिवशी माझं मन इतकं हलकं होतं की मी शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना आपणहून सांगितलं, माझ्या भावानं वडिलांना कपडे पाठवलेत.

माझा नंबर आला. मागून एका माणसानं पार्सल आणून मॅडमच्या टेबलावर ठेवलं आणि मला ते लांबूनच ओळखू आलं. मांजरपाटाचं कव्हर. बाबांचा धावदोरा, कोपऱ्यांवर दुहेरी घेतलेला. वर माझंच अक्षर. मला आधी वाटलं, माझ्या डोक्यात काहीतरी घोटाळा होतोय. मग वाटलं, त्यानं काटकसर म्हणून तेच कव्हर परत वापरलं असेल. माणूस किती वेळ स्वतःला फसवू शकतो बघ. मॅडमनी पार्सल माझ्याकडे फिरवलं. कव्हर कुठेही उसवलेलं नव्हतं. वर एक चिकटवलेला कागद होता, परत पाठवण्याची कारणं छापलेला. पत्ता अपुरा, राहण्याची जागा बदलली, असं बरंच काही, आणि त्यातल्या एकाच कारणापुढे खूण होती. ड्युटी भरण्यास नकार. खाली तुझी सही. शाळेपासून सहीच्या शेवटी तू जी लांब शेपटी काढतोस ना, ती तशीच आहे अजून.

मी तिथे काय केलं म्हणशील तर काही नाही. उभी राहिले. मला आजही कळत नाही, तू दारात नेमकं काय बघितलंस. पाठवणाऱ्याचं नाव बघितलंस का? का फक्त आकडा बघितलास? आकडा मोठा असेल, मला कबूल आहे, बाबांच्या हट्टापायी मोठा झाला असेल. पण एक फोन करायचास. ताई, हे काय पाठवलंत, एवढे पैसे मी का भरू, असं माझ्या अंगावर ओरडायचंस. मी कुठूनही उभे केले असते आणि तुला पाठवले असते. भांडला असतास तरी चाललं असतं. आपलं भांडण कधी झालंच नाही हेच वाईट झालं. भांडणाला निदान एक टोक असतं, ते धरून माणूस ओढाताण तरी करतो. तू नुसता कमी कमी होत गेलास, आणि कुठल्या दिवशी संपलास ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. कळलं ते त्या खुणेवरून.

मॅडमनी नियमाप्रमाणे कव्हर उसवलं. कोट बाहेर काढला. बाबांनी घातलेला पातळ कागदसुद्धा चुरगळला नव्हता. त्यांनी कॉलर उलटून बघितली, अस्तर बघितलं, काजांवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हाक मारून दाखवला, हे बघ, हाताची काजं, आता कोण करतं असलं? मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, किंमत बरोबर लिहिली आहे तुम्ही. बहुतेक लोक कमी लिहितात, मला वाढवावी लागते. हा कोट एवढ्याचा आहेच. बारक्या, ज्या बाईचं कामच मुळी कपड्यांची किंमत ठरवायचं आहे, तिनं बाबांची किंमत एका शब्दानंही कमी केली नाही. आणि हा निरोप मला बाबांना देता येत नाही. यापेक्षा मोठी शिक्षा मला तरी सुचत नाही.

पुढे त्या चांगुलपणानं म्हणाल्या की हा तर तुमचाच माल परत आलाय, याच्यावर ड्युटी कशाला भरता? ज्यांनी पाठवला त्यांना एकदा घेऊन या, पाठवल्याची पावती आणा, हा माझाच कोट म्हणून त्यांनी ओळखून सही केली की झालं, काही भरायला नको. मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. त्या म्हणाल्या, आजारी आहेत का? आम्ही थांबू की, पुढच्या आठवड्यात आणा. मी बाबांना डोळ्यांसमोर आणलं. त्या टेबलापाशी उभे आहेत, कोटावरून हात फिरवतायत. त्यांना कागद वाचून दाखवायची गरजच पडली नसती. कव्हराच्या शिवणीला बोट लागलं असतं की सगळं समजलं असतं. मी म्हटलं, मॅडम, भरते मी. त्यांनी मला वेड्यात काढलं. स्वतःच्या बापाच्या कोटावर ड्युटी भरता? मी म्हटलं, परदेशातून आलाय ना, मग भरायलाच हवी. त्यांनी शिक्का मारला. मी भरली. किती, ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच म्हणा.

आता कोट माझ्या हातात, आणि घरी बाबा रिकामा हँगर अडकवून बसलेले. मी तशीच लाँड्रीत आले. आमच्याकडे मागच्या बाजूला एक दांडी आहे, लोक धुवायला टाकून न्यायला येत नाहीत ते कपडे तिथे टांगतो. मालकीणबाई दर थोड्या महिन्यांनी त्यातले कुणाला तरी देऊन टाकतात. मी त्यांना सगळं सांगितलं, मला सांगायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी दांडीवरून एक करडा स्वेटर काढून माझ्यापुढे धरला. समोरून बटणांचा, खऱ्या लोकरीचा, आत परदेशी लेबल, जवळजवळ नवा. त्या जागी त्यांनी तुझा कोट टांगला. स्वेटरचं एक बटण गेलेलं होतं. मी डब्यातून जुळणारं शोधलं आणि लावलं. खोकं कुठलंही चाललं असतं, बाबांना दिसतं कुठे? तरी मी त्याच्यावर चिकटपट्टी गोल गोल गुंडाळली. सोडताना त्यांना मजा यावी म्हणून.

आली मजा त्यांना. मला कापू दिलं नाही, स्वतः नखानं सोलत बसले. स्वेटर बाहेर काढून आधी गालाला लावला. तुझ्या लाँड्रीचा वास येतोय गं, म्हणाले. मी म्हटलं, दिवसभर लाँड्रीत ठेवला होता ना. मग बाही, मग कॉलर, मग खालची पट्टी असा सगळा स्वेटर बोटांनी बघत गेले. मशीनचं विणकाम आहे, पण लोकर उत्तम, पोराला पारख आहे, असं म्हणत बटणांवर आले आणि एका बटणापाशी थांबले. ते कुठलं ते तुला समजलंच असेल. मागून, पुढून चाचपलं. म्हणाले, हे मशीननं लावलेलं नाही. बटणाखाली दोऱ्याच्या मानेला वेढे दिलेत आणि गाठ कापडात लपवलीय. हे आपलं आहे. त्यानं स्वतः लावलंय हे बटण! विसरला नाही बघ, अजून हातात आहे त्याच्या.

तुला त्यांनी मांडीवर बसवून ते शिकवलं होतं. मी टेबलाखाली बसून टाचण्या वेचायचे आणि खालून बघायचे. मी तशीच शिकले. आयुष्यात बाबांनी माझ्या शिलाईचं असं कौतुक कधी केलं नव्हतं, आणि केलं तेही तुझ्या नावावर. मी म्हटलं, हो बाबा, त्याचंच काम दिसतंय. मग आत जाऊन नळ सोडला आणि भरपूर रडले. तुझ्यासाठी रडले नाही, त्यांच्यासाठीही नाही. स्वतःसाठी रडले, पहिल्यांदाच.

तेव्हापासून तो स्वेटर त्यांच्या अंगावर आहे. उकडतं, घाम येतो, काढत नाहीत. न्हाव्याकडे दाढीला गेले तरी घालून जातात आणि तो विचारत नसला तरी सांगतात. मी किती वेळा मनाशी म्हटलं, सांगून टाकावं. पण कुठल्या तोंडानं सांगू? आणि सांगून त्यांच्याजवळ काय राहील? डोळे गेलेत. हात आहेत आणि हा स्वेटर आहे. मला आता तुझ्याकडून काही अपेक्षा नाही, बारक्या, हे मी रागानं लिहीत नाही. राग होता तोवर बरं होतं. तू येशील, फोन करशील, कधीतरी मुलाबाळांचा फोटो पाठवशील, असं जे काही मला वाटायचं ते त्या हॉलमध्ये संपलं. मला बोलवत नाही, खाववत नाही. इस्त्री करत असते आणि मागे दांडीवर तुझा कोट आहे हे मान न वळवता जाणवत राहतं. गिऱ्हाईक कधी विचारतं, हा कुणाचा हो, सुरेख आहे, विकायचा का? मी सांगते, न्यायला येणार आहेत.

आणि तरी हे पत्र का लिहिलं, तर त्या कोटाचं थोडं कापड उरलं होतं. स्वेटर आल्यापासून बाबांनी मनात घेतलंय की त्याच कापडाचं, कोटाखाली घालायला तुला एक जाकीट शिवायचं. डोळ्यांशिवाय शिवायचं. मी शिवेन, बोटं आहेत ना, म्हणतात. कापड टेबलावर पसरून ठेवलंय, बाकीची कामं त्याच्या कडेकडेनं करतात. पण कात्री लावत नाहीत. कारण कोटाचा डावा खांदा नीट बसला की नाही हे त्यांना कळलेलं नाही. त्यात जर चूक असेल तर ती जाकिटात पुढे जाईल, म्हणतात. मी म्हटलं, मी विचारून सांगते. तर म्हणाले, नाही, मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. रोज मला फोन लावायला लावतात, तो वाजत राहतो आणि मी सांगते लाइन खराब आहे. आता मी त्यांना सांगितलंय की पत्र टाकलंय, ते पोचलं की एखाद्या रविवारी बोलणं होईल. म्हणून रविवारी दुपारी मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात देणार आहे, आणि नाही लागला तर त्याच्या पुढच्या रविवारी. जाकिटाची काळजी करू नकोस. ते मी तुला पाठवणार नाही, पाठवलं म्हणून सांगेन आणि इथे दांडीवर कोटाशेजारी टांगेन. तुझ्या दाराशी कुणी येणार नाही, तुला काही भरावं लागणार नाही, कुठे सही करावी लागणार नाही. तू फक्त फोन उचल आणि म्हण, बाबा, डावा खांदा बरोबर बसला. मग लगेच ठेवून दिलास तरी चालेल. लाइन तुटली म्हणून मी सांगेन.

तुझीच,
ताई